काळ्या मातीची काच

लोणच्याची बरणी आतून गुळगुळीत असते. ती तशी का असते हे कोणी विचारत नाही, आणि विचारायची वेळ कोणावर येऊ नये हेच माझं कित्येक वर्षं काम होतं.

मातीचं भांडं पाणी पितं. माठानं प्यावंच, त्याशिवाय उन्हाळ्यात पाणी गार कसं होणार? पण बरणीनं तेल प्यायला सुरुवात केली की संपलं. बाहेरून चिकटा, त्यावर मिठाची पांढरी फुलं, आत बुरशी, आणि घरची बाई बरणी करणाऱ्याच्या नावानं बोटं मोडते. तसं होऊ नये म्हणून मातीच्या अंगावर काचेचा पातळ थर चढवतात. पुस्तकात त्याला झिलई म्हणतात, आम्ही कारखान्यात ग्लेज म्हणत असू. तो कालवायचा, भांड्यावर चढवायचा आणि भट्टीतून चकचकीत बाहेर यावा अशी आशा करायची, हा माझा धंदा. कालवणं मी कॉलेजात शिकले होते. आशा करायला दिग्रसला शिकले.

विदर्भ मुंबई राज्यात आला, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. मी यवतमाळची. वडील दवाखान्यात कंपाउंडर. त्यांच्या बाटल्यांवरची लेबलं वाचत वाचतच मी रसायनशास्त्राकडे वळले असणार. नागपुरात बी.एस्सी. झाले, मग चिनी मातीच्या कामाचा एक अभ्यासक्रम पुरा केला. दिग्रसच्या एका जिनिंगवाल्या शेठनं गावाबाहेर बरण्यांचा कारखाना काढलाय आणि त्याला ग्लेजचं जाणणारा माणूस हवाय, असं कळलं तेव्हा अर्ज टाकला. अर्जावर नावाची नुसती आद्याक्षरं होती. नोकरी मिळाल्याचं उत्तर आलं आणि मी ट्रंक घेऊन दिग्रसच्या स्टँडवर उतरले.

शेठ स्वतः न्यायला आले होते. रतनशेठ त्यांचं नाव. धोतर, काळी टोपी, तोंडात सुपारी. त्यांनी माझी ट्रंक पाहिली, मला पाहिलं आणि बसच्या दारात वाकून पाहिलं.

"बाई, तुमचे भाऊ कुठं राह्यले? बस तर रिकामी झाली."

"भाऊ नाही आले. नोकरी मलाच लागली आहे."

शेठनी टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा टोपी घातली. "भट्टी लावता येते काय तुमाले?"

"भट्टी लावणारे वेगळे असतात. मला ग्लेज येतं."

"मंग ठीक हाये," शेठ सुटल्यासारखे म्हणाले. "भट्टी आमचा गणपत लावते."

राहायला खोली मिळाली ती दोन शिक्षिकांच्या बिऱ्हाडाशेजारी, म्हणून साऱ्या गावानं मलाही मास्तरीणबाई करून टाकलं. मी पुष्कळ सांगितलं की मी शिकवत नाही. शेवटी सोडून दिलं.

गणपतभाऊ पुसदकडचे कुंभार. माठ-रांजण घडवणारा जुना हात. गावची बांधलेली गिऱ्हाइकं सोडून, बायकोपोरांसह शेठच्या भरवशावर आलेले. चाकावर बसले की बोलत नसत आणि उतरले की थांबत नसत. बरणीचं पोट त्यांच्या हातात असं फुगत जायचं की पाहणाऱ्यानंही नकळत श्वास आत घ्यावा. माती चांद्याकडची, पांढरट आणि आग सोसणारी. कोळसा वणीकडचा. आणि ग्लेजसाठी फेल्स्पार नावाच्या दगडाचं पीठ, ते दूरवरून दारव्ह्याला रेल्वेनं यायचं आणि तिथून ट्रकनं आमच्याकडे.

बाहेरच्या माणसाला ग्लेज समजवायचं तर मी असं सांगते. काच होते ती गारगोटीची. पण एकटी गारगोटी वितळायची तर भयंकर आग लागते. म्हणून तिच्या जोडीला चुना, खार असलं काहीतरी द्यावं लागतं. त्याच्या संगतीनं ती कमी आगीत वितळते. पण मग ती पाण्यासारखी ओघळून भांड्याच्या पायाशी जमते. तिनं अंगाला धरून राहावं म्हणून थोडी माती घालायची. वितळणारं, वितळवणारं आणि धरून ठेवणारं, या तिघांचं जमलं की काच जमली. एवढं साधं आहे, आणि तरी पहिल्याच भट्टीत आमचं जमलं नाही.

भट्टी उघडली तेव्हा बरण्या पांढऱ्या होत्या खऱ्या, पण हात लावला तर खरखरीत. पाकात साखर न विरघळता राहावी तसं ग्लेजचं पीठ अर्धवट शिजून अंगाला चिकटलेलं. भट्टीतली आग डोळ्यानं मोजता येत नाही, म्हणून आत बोटाएवढे मातीचे सुळके ठेवतात. हव्या त्या आगीला ते माना टाकतात. आमचे सुळके पहारेकऱ्यासारखे ताठ उभे होते. म्हणजे भट्टीला ताप पुरेसा चढतच नव्हता.

धुराडं उंच केलं. कोळसा निवडून घेतला. गणपतभाऊंनी भट्टीची तोंडं पुन्हा बांधली. दुसरी भट्टी लावली. सुळक्यांनी थोडी मान तुकवली, उगीच नमस्कार केल्यासारखी. बरण्या पुन्हा खरखरीत. शेठनी एका बरणीत पाणी भरून ती बैठकीतल्या सतरंजीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सतरंजीवर ओलं गोल उमटलं होतं.

गावात आमच्यावर हसायला सुरुवात झालीच होती. कापसाचा शेठ चिखलात गेला, असं जिनिंगमध्ये हमालही म्हणत. शेठ एका सकाळी एक लहानसं पोतं घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "आमच्या पाव्हण्यानं सांगतलं. हे टाका. अर्ध्या आगीत आरशासारखी चमक येते म्हणे."

पोत्यात शेंदूर होता.

पाहुण्यांचं खोटं नव्हतं. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. शिसं घातलं की ग्लेज लोण्यासारखं वितळतं आणि अशी सुंदर झळाळी येते की काही विचारू नका. पण शिसं आंबटाच्या वाटेला गेलं की सुटतं. लिंबाचा, कैरीचा रस बरणीच्या अंगातून ते हळूहळू ओढून घेतो. चवीत कळत नाही, वासात कळत नाही. लेकरांची पोटं दुखतात, मोठ्यांचे हात लुळे पडतात, आणि फळीवर बसलेल्या चकचकीत बरणीवर कोणी संशयही घेत नाही.

हे सगळं मी शेठना सांगितलं.

"बाई, इतकं कुठं होते?" ते म्हणाले. "चिमूटभर टाकाचं."

"कौलांवर लावा, फुलदाणीवर लावा. लोणच्याच्या बरणीला मी लावणार नाही."

"मंग लावणारा दुसरा पाहू काय?"

"पाहा. फक्त त्याला एक विचारा. त्या बरणीतलं लोणचं तो आपल्या घरी वाढेल का?"

माझा आवाज चढला होता. गणपतभाऊ चाकावर बसले होते, पण चाक थांबलं होतं. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "शेठ, माह्या घरी लोणचं ह्याच बरणीत राह्यते."

शेठनी पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं. माणूस वाईट नव्हता, टेकीला आलेला होता. "आनखी एक भट्टी देतो," ते म्हणाले. "ते बी अशीच निंगाली तर कुलूप. मले बी लोकाईत तोंड दाखवाचं हाये."

कुलूप लागलं असतं तर मी यवतमाळला परतले असते आणि वडिलांनी स्थळं पाहायला सुरुवात केली असती. गणपतभाऊंना मात्र परतायला जागा राहिली नव्हती. सोडलेली गिऱ्हाइकं एव्हाना दुसऱ्याची झाली होती.

तिसऱ्या भट्टीसाठी आम्ही आतली साफसफाई करत होतो. भट्टी भरली की तिचं दार विटांनी बुजवतात आणि फटी चिखलानं लिंपतात. तो चिखल आपला साधाच, कारखान्यामागच्या वावरातली काळी माती आणि त्यात कुटार, म्हणजे भुसा. आगीच्या तोंडाजवळचं लिंपण खाली ओघळून, आत राहून गेलेल्या एका बरणीच्या खांद्यावर पडलं होतं. गणपतभाऊ छिन्नी घेऊन ते उडवायला निघाले आणि तोंडानं त्या लिंपणाचा उद्धार चालला होता.

मी सहज पाहिलं आणि ओरडले, "भाऊ, थांबा! हात लावू नका!"

ते दचकून मागे सरले. त्यांना वाटलं विंचू निघाला.

ओघळ काळसर-तपकिरी होता. घट्ट काकवी सांडून थिजावी तसा. उजेडात धरला तर कडेला मधासारखा पिवळा. मी नखानं ओरखडून पाहिलं. नख घसरलं. मग मी बरणी उचलली आणि त्या जागी जीभ लावली. कोरी भाजलेली माती जिभेला चिकटते, कारण ती ओल ओढून घेते. काच चिकटत नाही. ही चिकटली नाही.

"अवो बाई!" गणपतभाऊ घाबरून म्हणाले, "काय करून राह्यल्या? भट्टी कायले चाटता?"

"तुम्हीही चाटा!"

आणि त्या मोठ्या माणसानं खरोखर इकडेतिकडे पाहून, कोणी नाही असं पाहून, बरणीला जीभ लावली. मग कोऱ्या जागी लावली. मग पुन्हा ओघळावर.

"बाप्पा," ते म्हणाले, "हे तं काच झाली."

काळी माती म्हणजे आपल्या काळ्या फत्तराचा हजारो वर्षांत झालेला भुगा. त्यात गारगोटीचा अंश आहे, चुना आहे, खार आहे, लोखंड तर भरपूर. तिघांची जी जुळणी मी दूरदेशीच्या पिठातून करू पाहत होते, ती निसर्गानं करून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, मुळाशी पसरून ठेवली होती. आणि ती आमच्या दुबळ्या भट्टीच्या आगीतच वितळत होती. मी एवढी खूष झाले की हातातली बरणी घेऊनच अंगणभर फिरले.

खुशी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली. माती भिजवली, फडक्यातून गाळली, सायीसारखी दाट केली, बरणी बुडवली, सावलीत ठेवली. वाळली तशी ती तडकली. आधी बारीक रेघा, मग भेगा, मग खपल्या सुटून टपटप खाली पडल्या.

"घ्या बाई," गणपतभाऊ म्हणाले, "बरणीचं वावर झालं. आता पेरनी करा."

पातळ करून पाहिली, तर भाजल्यावर नुसता डाग. डिंक घातला, तर मोठ्या भेगांऐवजी लहान भेगा. गणपतभाऊंनी शेण मिसळून पाहिलं, त्याचा वास आठवडाभर गेला नाही. शेठ रोज एक चक्कर मारत, भेगा पाहत आणि काही न बोलता जात. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळताना आखडते, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. काळ्या रानावर घर बांधलं की भिंतीला चीर जाते. आता तिचं फुगणंच बंद करायचं तर काय करावं? हा विचार करत मी गणपतभाऊंच्या घरी चहा पीत बसले होते. समोर चुलीचे मातीचे ओटे होते, रोज विस्तवानं भाजणारे, रोज पाणी लागणारे, रोज पुसले जाणारे, आणि त्यांना एक भेग नव्हती. भाजलेली माती फुगत नाही! वीट भिजते, पण तिचा पुन्हा चिखल होत नाही.

मग आम्ही अर्धी माती लोखंडी कढईत लाल होईपर्यंत भाजली आणि दळली. तिच्यात अर्धी कच्ची मिसळली. भाजलेली आखडत नाही, कच्ची अंगाला धरून ठेवते. वितळायला थोडी मदत म्हणून राख घातली. राखेत चुना असतो आणि खारही. राख आणायला लांब जावं लागलं नाही. दिग्रसमध्ये घरोघरी चुलीत पऱ्हाटी जळत होती. मी टोपली घेऊन दारोदार राख मागत फिरले, तेव्हा शेजारच्या शिक्षिकांनी मला बाजूला घेऊन, घरून पैसे येत नाहीत का, असं हळूच विचारलं.

राख पाण्यानं धुऊन जास्तीचा खार काढून टाकला. बरणी बुडवली, सावलीत ठेवली, आणि मी आणि गणपतभाऊ समोर बसून राहिलो. वाळली. रंग फिका झाला. भेग नाही. गणपतभाऊंनी अंगठा फिरवला. खपली नाही.

लोहाराचा भाता मागून आणून विटांची एक एवढीशी भट्टी केली, तिच्यात चार तुकडे भाजून पाहिले. काच झाली. पण वाटीएवढ्या भट्टीत जमलेलं मोठ्या भट्टीत जमतंच असं नाही. तिसरी भट्टी भरताना गणपतभाऊंनी प्रत्येक बरणीचं बूड ओल्या फडक्यानं पुसलं, नाहीतर ग्लेज वितळून बरणी भट्टीतल्या फळीला कायमची चिकटते. माझ्या हातचं पुसलेलंही त्यांनी परत पुसलं.

भट्टी विझून गार होईपर्यंत थांबावं लागतं. घाईनं उघडली तर गार वारा लागून माल तडकतो. त्या थांबण्यात शेठ जिनिंग सोडून आमच्याकडेच बसले. शेवटी सकाळी दाराच्या वरच्या विटा काढल्या. मी आत वाकून पाहिलं आणि तशीच वाकून राहिले.

"काय हाये? बाई, काय हाये?" शेठ मागून विचारत होते.

गणपतभाऊंनी पहिली बरणी बाहेर काढून उन्हात ठेवली. तपकिरी, भिजलेल्या काळ्या वावरासारखी गडद, गळ्याशी जिथं थर पातळ होता तिथं मधाच्या रंगाची. त्यांनी टिचकी मारली. घंटेसारखा नाद निघाला. शेठनी आत हात घातला, तळापर्यंत फिरवला. मग खाली वाकून बरणीच्या पोटात आपलं तोंड पाहिलं आणि टोपी नीट केली.

"गणपत," ते म्हणाले, "पेढे आन."

शेंदराचं पोतं त्यांनी त्याच दिवशी पाहुण्यांकडे परत धाडलं.

माल झाला, पण लोकांनी घ्यायला हवा. बरणी पांढरीच असते अशी सवय. बाजाराच्या दिवशी आम्ही मांडून बसलो. लोक येत, टिचकी मारत आणि जात. त्यात फुलसावंगीकडच्या तांड्यावरची एक बंजारा बाई आली. जमनाबाई. आरशांची काचोळी, हातभर बलोयी बांगड्या, चालताना सगळा बाजार वळून पाहील अशी. तिनं बरणी उचलली, वास घेतला, मला विचारलं, "हे काळं काय लावलं?"

"माती आणि राख," मी म्हणाले.

आजूबाजूचे खो खो हसले. शेठनी कपाळावर हात मारला. "बाई, गिऱ्हाइकाले असं सांगतात काय?"

जमनाबाई हसली नाही. "हिनं खोटं नाई सांगतलं," ती म्हणाली. "दुसरी असती तं इलायती दवा म्हटलं असतं. बाई, मी ह्याच्यात लिंबाचं घालते. आमचं लिंबू लय आंबट. सालभर ठेवीन. चांगलं राह्यलं तं सांगीन. खराब झालं तं ही बरणी ह्याच बाजारात आणून फोडीन, समद्याईच्या समोर."

"फोडा," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं खरं.

तिचं पाहून आणखी काहीजणींनी बरण्या नेल्या. मग हळूहळू माल बाभुळगाव, पुसदपर्यंत जाऊ लागला. भट्ट्या एकामागून एक लागत होत्या, शेठ जिनिंगमध्ये हमालांना आपणहून बरण्या दाखवत होते. आणि मग एका दुपारी बाभुळगावचे एक किराणा दुकानदार बसमधून उतरले. काखेत घोंगडीत गुंडाळलेली बरणी. ती त्यांनी लांबूनच ओट्यावर ठेवली.

"शेठ, हे तुमची बरणी घ्या. आमाले नाई पायजे."

"काहून? फुटली काय?"

"फुटली असती तं परवडलं असतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बरणी बोलते."

कोणी हसलं नाही, कारण तो माणूस खरंच घाबरलेला होता. त्यांची बायको स्वयंपाकघरात जायला तयार नव्हती. बाहेरचं काही असेल म्हणून दोन वेळा लिंबूही उतरवून टाकलं होतं. मी बरणीला कान लावला. सगळे श्वास रोखून उभे. काही नाही. काही नाही. आणि मग आतून स्पष्ट, बारीक, पैंजणाच्या एका घुंगरासारखं: टिंग.

शेठनी डोळे मिटून हात जोडले.

मला मात्र कळलं. भांडं भट्टीतून निघून गार होताना आकसतं. ग्लेजही आकसतं. ग्लेज मातीपेक्षा जास्त आकसलं, तर ते आखूड झालेल्या सदऱ्यासारखं अंगाला ताणून बसतं. कधी ना कधी शिवण उसवते. ती उसवण्याची टिंग. मी बरणीवर दौतीतली शाई चोळून पुसली. पानाच्या शिरांसारखं बारीक निळं जाळं उमटलं. एवढ्याशा चिरांतून तेल बाहेर यायला फार दिवस लागत नाहीत.

कारण शोधलं ते सापडलं. पऱ्हाटीचा हंगाम सरल्यामुळे राख बाजारातल्या हॉटेलांच्या भट्ट्यांतून येऊ लागली होती. लाकूड वेगळं, धुतल्यावरही खार जास्त. खार ग्लेजला फार आकसवतो. त्यावर उपाय गारगोटी. ती सगळ्यांत कमी आकसते. वावरांच्या बांधावर गारगोट्या हव्या तेवढ्या. पण ती दळायची कशी, जातं झिजतं ती झिजत नाही. मग ती चुलीत लाल करून एकदम पाण्यात टाकायची. चर्र आवाज होतो आणि अंगभर चिरा पडतात. मग मुसळानं कुटली की पीठ होतं. ते पीठ आम्ही ग्लेजमध्ये वाढवत गेलो, शाई चोळून पाहत गेलो, आणि जाळं उमटायचं थांबलं.

त्या मालातल्या विकलेल्या बरण्या रतनशेठनी गावोगाव माणसं पाठवून परत आणवल्या आणि नव्या दिल्या. मी सांगायच्या आधीच त्यांनी ते ठरवलं होतं. बाभुळगावचे दुकानदार नवी बरणी घेऊन गेले आणि काही दिवसांनी त्यांचा निरोप आला, की बरणी आता गप आहे, पण बायको म्हणते घर सुनं सुनं वाटते.

सगळे हसले, मी धड हसले नाही. जमनाबाईची बरणी काळ्या मातीच्या पहिल्या भट्टीची, पऱ्हाटीच्या राखेची होती. पण काही चिरा महिन्यांनीही पडतात. आणि त्या बरणीत वर्षभर लिंबू होतं.

ती आली. बाजाराच्याच दिवशी, डोक्यावर बरणी, मागे तांड्यावरच्या बायका आणि तिचे म्हातारे सासरे रामजी नाईक. बाजारातून येताना तिनं काही सांगितलं असणार, कारण मागोमाग निम्मा बाजार आला. तिनं बरणी ओट्यावर ठेवली. गणपतभाऊ चाकावरून उतरले, आणि आयुष्यात प्रथमच उतरूनही गप्प राहिले.

मी बरणीभोवती फिरले. बाहेरून कोरडी ठणठणीत. फूल नाही, चिकटा नाही. शाई चोळली. पुसली. जाळं नाही. मग तिनं झाकणाचं फडकं सोडलं आणि तो वास सुटला, मुरलेल्या लिंबाचा आणि ओव्याचा. लोणचं अर्ध्यावर आलं होतं. आतला रस कुठपर्यंत होता ती रेघ दिसत होती. मी तिथं बोट फिरवलं. आंबटानं ग्लेज खाल्लं असतं तर ते रेघेखाली मंद, आंधळं झालं असतं. वर आणि खाली चकाकी तीच होती.

"घ्या शेठ," जमनाबाईनं एक फोड काढून पुढं केली. "पयले तुमी खा."

शेठनी फोड तोंडात टाकली. डोळे घट्ट मिटले, पाणी आलं. सगळे पाहत होते.

"कशी हाये?" कोणीतरी विचारलं.

"भाकर आना कोणी," शेठ एवढंच बोलू शकले.

जमनाबाई तेव्हा मोकळी हसली आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आछी छ!" तिच्या बोलीत, छान आहे. मग तिथंच गणपतभाऊंच्या घरच्या भाकरी आल्या, बरणी मधे ठेवून शेठपासून हमालांपर्यंत सगळे बसले, आणि वर्षभर जपलेलं लोणचं त्या दुपारी संपलं. जमनाबाईला त्याचं काही वाटलं नाही. तिला साऱ्या तांड्यासाठी आणि सोयऱ्यांच्या तांड्यांसाठी बरण्या हव्या होत्या.

तो कारखाना आता नाही. काचेच्या बरण्या स्वस्त झाल्या, मागून प्लॅस्टिक आलं. रतनशेठ गेले, भट्टीच्या विटा लोकांनी नेल्या. मी तोवर नोकरीनं दुसरीकडे गेले होते, मोठ्या कारखान्यांत, जिथं आग मोजायला यंत्रं होती आणि ग्लेज पोत्यांतून तयार यायचं. तिथं मी पुष्कळ शिकले. पण काळ्या मातीच्या ग्लेजवर आणखी काम करायचं राहून गेलं, याची हळहळ वाटते. त्यातून हिरवा काढता आला असता, कदाचित निळसरही. ते कोणी केलं नाही.

तरी दिग्रस म्हटलं की मला हळहळ आठवत नाही. तांड्याचा माल निघाला तो दिवस आठवतो.

फुलसावंगीचा रस्ता तेव्हा असा होता की ट्रकनं पाठवलेल्या मालाचे निम्मे तुकडेच पोचले असते. शेठ काळजीत होते. रामजी नाईक म्हणाले, "तुमी कायले फिकीर करता? आमी नेतो." आणि एका सकाळी कारखान्यासमोर बैलगाड्यांची रांग लागली. बैलांच्या शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरं. गणपतभाऊंनी आदल्या दिवशी बरण्या कडब्यात बांधून ठेवल्या होत्या. म्हाताऱ्यानं एक गाठ ओढून पाहिली, मान हलवली आणि सगळ्या सोडायला लावल्या. मग स्वतः खाली बसून एकेक बरणी पुन्हा बांधली. बरणीत कुटार, बाहेर कडब्याची वेणी, आणि दोरीचा असा फास की गाडी हलेल पण बरणी बरणीला लागणार नाही. गणपतभाऊ शेजारी बसून ती गाठ शिकत होते.

"हे कुठं शिकले तुम्ही?" मी विचारलं.

"बापानं दाखोली," रामजी म्हणाले. "त्याले त्याच्या बापानं. आमचे लोक मीठ वाहत, धान्य वाहत, बैलाच्या पाठीवर, पार समुद्रापासून. मंग रेल्वे आली, अन् आमचे बैल बसले. बापानं गाठ शिकोली, पर बांधाले काही राह्यलं नोतं. मी सारी जिंदगी नांगर धरून वावर वाहलं. माल वाहाचा, तो आज वाहून राह्यलो. पयल्यांदा."

गाडीत त्यांच्यासाठी जागा केली होती, घोंगडी अंथरून. ते बसले नाहीत. डोक्याला नवं लाल पागोटं बांधून, काठी घेऊन, सगळ्यांच्या पुढं चालू लागले. मागे बैल, गाड्यांवर जमनाबाई आणि तिच्या बायका, त्यांनी गाणं धरलं होतं, ते आजूबाजूच्या दुकानांतून लोक बाहेर येऊन ऐकत होते. रतनशेठ टोपी हातात घेऊन उभे होते. मी कान देऊन ऐकत होते, बरणीला बरणी लागल्याचा नाद येतो का. घुंगरांशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

रस्त्याच्या वळणाला म्हातारा थांबला, मागे वळला आणि काठी उंच करून एवढ्या मोठ्यानं ओरडला की बैलांनीही कान टवकारले.

"बाई! आनखी करून ठेवा! आता आमी थांबत नसतो!"

आम्ही त्याच दुपारी माती भिजत घातली.